तलावापलीकडचा रेडिओ

माझ्या तरुणपणाबद्दल मी घरात फारसं चांगलं बोलत नाही. नातवंडांना वाटतं, आजी विनय दाखवते. विनय कसला! ती पंचविशीतली पोरगी, म्हणजे मी, खरोखरच असह्य होती. आज रस्त्यात भेटली तर आधी तिचा कान पिरगाळीन आणि मग तिला जवळ बसवून रडेन. क्रम हाच राहील.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. एम.एड. संपवून मी नागपुरात पीएच.डी.ला नाव घातलं होतं. विषय होता शाळेतल्या रेडिओपाठांचा मुलांच्या शैक्षणिक संपादनावर होणारा परिणाम. ‘संपादन’ म्हणजे मुलांना किती येतं ते. पण ‘किती येतं’ असं लिहिलं असतं तर पदवी कोण देणार?

क्षेत्र म्हणून मी भंडारा जिल्हा निवडला. माझाच जिल्हा. एसटीतून तुमसरच्या बाजूला उतरायचं आणि पुढे चालत. अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला शबनम, डोळ्यांवर जाड काळ्या चौकटीचा चष्मा. नंबर किरकोळच होता, चौकट मात्र विद्वानाची होती. आणि गळ्यात काळ्या दोरीत ओवलेलं स्टॉपवॉच. विहिरीवरच्या बायका माझ्याकडे बघून हातातला दोर थांबवायच्या.

“काय वं माय, हे कोन्त्या गावचं मंगळसूत्र?”

“नागपूरचं असन. नवरा किती वाजता घरी येते ते त्याच्यात दिसत असन.”

“अन् नाई आला तं?”

“तं घंटी वाजत असन नं.”

सगळ्या खदखदून हसल्या. मी न समजल्यासारखा चेहरा करून पुढे गेले. न समजायला काय झालं होतं? माझी आई आयुष्यभर ‘मले’ आणि ‘तुले’च बोलली. पण दोन वर्षं वसतिगृहात राहून मी माझी जीभ इतकी घासूनपुसून घेतली होती, की आपल्याच माणसांशी मी छापील पुस्तकासारखी बोलायचे. “आपल्या पाल्यास गृहपाठासाठी किती वेळ मिळतो?” असं मी एका शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं होतं. तो शेळीकडे बघून म्हणाला, “हिलेच इचारा.”

तर अभ्यासाची रीत अशी होती. दोन गावं घ्यायची, सगळ्या बाबतींत सारखी. दोन्हीकडे चौथीपर्यंत शाळा, दोन्हीकडे एकेकच गुरुजी, दोन्हीकडे धानाची शेती करणारी घरं. एका शाळेत रेडिओ द्यायचा, दुसरीत नाही. वर्षाच्या सुरुवातीला दोन्हीकडे परीक्षा, शेवटी पुन्हा परीक्षा. रेडिओवाली पोरं पुढे गेली तर श्रेय रेडिओचं. आमचे मार्गदर्शक सर बजावून सांगत, “एका शाळेचं वारं दुसरीला लागता कामा नये. लागलं, की सगळं पाण्यात.”

मी पावसाळ्यात गावं बघायला निघाले आणि मला हवं ते सापडलं. दोन गावं, मध्ये भलामोठा तलाव. या गावातून त्या गावात जायचं तर तलाव अडवणाऱ्या मातीच्या पाळीवरून लांबचा वळसा. पाणी काठोकाठ, त्यात आंबागडच्या बाजूचा डोंगर उलटा पडलेला. मी सरांना ऐटीत लिहून कळवलं, की निसर्गानेच दोन गटांमध्ये भिंत घातली आहे.

तलावांच्या जिल्ह्यात जन्मलेल्या मुलीनं तलावाला भिंत म्हणावं! धान पिकायला आला की तलावाचं पाणी बांध्यांना, म्हणजे धानाच्या शेतांना सोडतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी तलावाचं पोट उघडं पडतं, आणि मग लोक, गुरं, वराती सगळे त्या पोटातूनच सरळ चालत जातात. हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. मला विचारायचं सुचलं नाही आणि त्यांना सांगायचं सुचलं नाही, कारण इतकी साधी गोष्ट शिकलेल्या बाईला कोण सांगणार?

रेडिओ असलेल्या शाळेत मंगळवारी आणि शुक्रवारी, मधल्या सुट्टीला लागूनच पाठ असायचा. निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात कधी सेल उतरलेले, कधी कपाटाची किल्ली गुरुजींच्या घरी, आणि एकदा तर रेडिओच गुरुजींच्या घरी, कारण धानावरच्या किडीची माहिती लागायची होती. तरी बऱ्याच वेळा पाठ वाजला. पोरं मांड्या घालून बसत आणि पेटीतल्या बाईंनी प्रश्न विचारला, की पेटीकडे बघून हात वर करत. मी मागच्या भिंतीला टेकून स्टॉपवॉच दाबून बसायचे. कोण किती सेकंद लक्ष देतं, कोण किती वेळ खिडकीबाहेर बघतं, याची नोंद. मुलं खिडकीबाहेर फार बघतात, असंही मी लिहून ठेवलं होतं. खिडकीत काय आहे ते वळून बघावं, एवढं मात्र सुचलं नाही.

दुसऱ्या शाळेत, बिनरेडिओच्या, चौथीत एक मुलगी होती. अंगानं बारीक, केसांना भरपूर तेल, फ्रॉकच्या खिशात शिंगाडे. तिथले गुरुजी वयस्क आणि भला माणूस. शेवटच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी ते मला म्हणाले, “बाई, तुमची परीक्षा भल्लीच मोठी होऊन बसली गावात.”

“म्हणजे काय गुरुजी?”

“हे पोरगी आहे नं, हिच्या बापानं सांगून ठेवलं. पाचवीची शाळा दूर आहे, रोज जावं लागते. तो म्हन्ते, नागपूरच्या बाईच्या पेपरात पोरगी निघाली, तं धाडतो पाचवीत. नाई तं धानाच्या रोवन्याले हात लागतेच. माझ्या मार्कांवर त्याचा भरोसा नाई. म्हन्ते, तुम्ही तं सगळ्यांलेच पास करता.”

मी मान डोलावली. आणि काय केलं? ‘पालकांची स्त्रीशिक्षणाविषयीची वृत्ती’ या सदराखाली दोन ओळी लिहून घेतल्या. अक्षर सुंदर होतं माझं.

परीक्षा झाली. पलीकडच्या शाळेचे पेपर आधीच तपासून झाले होते; इथले तिथेच, गुरुजींच्या टेबलावर तपासायला घेतले. एकेक पेपर बाजूला ठेवत होते आणि त्या मुलीचा हातात आला. सगळं बरोबर. नुसतं बरोबर नाही, अपूर्णांकाची गणितं तिनं अर्ध्या भाकरीचं, पाव भाकरीचं चित्र काढून सोडवलेली, जशी फक्त रेडिओपाठात शिकवली होती. दोन्ही शाळांत मिळून असा पेपर दुसरा नव्हता. मी मुलीला बोलावलं.

“ही रीत तुला कुणी शिकवली?”

“रेडूनं.”

“तुमच्या शाळेत रेडिओ नाही.”

“त्या गावच्या शाळेत आहे नं जी बाई. मी खिडकीतून आयकत होती.”

“तिकडे कशी जायचीस? मध्ये तलाव आहे.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग फार हळू आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाली, “तलाव आटला नं बाई.”

मधली सुट्टी झाली की ती पळत तलावाच्या पोटातून पलीकडे जायची, खिडकीखाली विटेवर उभी राहून पाठ ऐकायची आणि पळत परत. उशीर झाला म्हणून गुरुजींच्या छड्या खायची. रेडिओ बंद असला की तशीच परत. चिखल असताना एकदा गुडघ्यापर्यंत रुतली होती, तेही तिनं हसत सांगितलं. तिचे डोळे असे चमकत होते, की आता बाई शाबासकी देणार.

अगं बये, नाचायला हवं होतं तू त्या क्षणी! तुझ्या सगळ्या प्रबंधाचं उत्तर तुझ्यापुढे उभं होतं, फ्रॉकमध्ये. एक मूल ऐकायला मिळावं म्हणून जाता-येता दोन्ही वेळा धावतं, याहून मोठा निष्कर्ष कुठला मिळणार होता तुला? पण त्या कडक इस्त्रीच्या बाईंच्या डोक्यात एकच आलं. वारं लागलं. बिनरेडिओचा, ‘नियंत्रित’ गट खराब झाला. आता सरांना काय सांगू?

मी लाल पेन्सिल घेतली आणि पेपरावर तिरपी रेघ ओढून लिहिलं, ‘बाद’.

तेवढ्यात दारात तिचा बाप येऊन उभा राहिला. डोक्याचा दुपट्टा काढून हातात धरलेला. निकाल ऐकायला आला होता.

“काय झालं जी बाई पोरीचं?”

“हिचा पेपर धरता येणार नाही.”

“म्हंजे नापास का जी?”

“नापास नाही. बाद.”

“बाद काहून?”

“तिनं दुसऱ्या शाळेचा रेडिओ ऐकला. या शाळेच्या मुलांनी तो ऐकायचा नव्हता.”

त्यानं पोरीकडे बघितलं. मग म्हणाला, “म्हंजे चोरून पेपर सोडवला.”

“चोरी असं म्हणता येणार नाही, पण...”

त्या ‘पण’च्या पुढे मी काहीतरी बोलायचं होतं. काय बोलायचं होतं ते मला आज तोंडपाठ आहे. तुमची मुलगी दोन्ही गावांत पहिली आहे, दादा. माझ्या कागदात बसत नाही, हा माझ्या कागदाचा दोष. एवढी दोन वाक्यं. पण तीनची गाडी होती, ती चुकली असती तर दुसरी थेट संध्याकाळी. मी पेपरांचा गठ्ठा शबनममध्ये कोंबला आणि निघाले. गुरुजी माझ्यामागे दारापर्यंत आले. म्हणाले, “बाई, जरा त्याले समजावून सांगता काय?” मी म्हटलं, “तुम्हीच सांगा ना गुरुजी, मला गाडी आहे.”

गुरुजींनी सांगितलंही असेल. पण त्यांच्यावर भरवसा नाही म्हणूनच तर तो माणूस माझ्याकडे आला होता.

त्याच पावसाळ्यात एक माहितीपत्रक अर्धवट राहिलं म्हणून मी पुन्हा त्या गावात गेले. रोवणी चालली होती. बायका ओळीनं वाकून बांधीत धानाचे पऱ्हे लावत होत्या आणि ओळीच्या टोकाला ती. तिच्या फ्रॉकचा घोळ कमरेला खोचलेला. मला बघून ती सरळ उभी राहिली, मग मान खाली घातली आणि पुन्हा वाकली. गुरुजी म्हणाले, “नाई धाडलं त्यानं पाचवीत.” त्याचं घर शाळेपासून हाकेवर होतं. मी गेले नाही. अपुरं माहितीपत्रक मात्र पुरं करून आणलं.

प्रबंध मान्य झाला. रेडिओची शाळा पुढे गेली, असा निष्कर्ष निघाला. तोंडी परीक्षेला सरांनी माझं खास कौतुक केलं, की शंका येताच एक पेपर स्वतःहून वगळण्याचा प्रामाणिकपणा या मुलीनं दाखवला. मी लाजले, हो! लाजून मान खाली घातली. मग घरी पेढे वाटले.

त्यानंतर माझं बरं चाललं. नागपुरात अध्यापक महाविद्यालयात नोकरी, लग्न, दोन मुलं. शाळेतली यंत्रं आणि मुलांची प्रगती हा माझा प्रांत ठरला. टेपरेकॉर्डर आले, त्यांचा अभ्यास केला. ऐंशीच्या दशकात खेड्यांत टीव्ही पोहोचायला लागले, तेव्हा मला तज्ज्ञ म्हणून बोलावू लागले. चष्म्याला आता खरोखरीचा नंबर होता.

टीव्हीच्या अभ्यासासाठी शाळा निवडायच्या होत्या आणि त्यात तीच दोन गावं आली. मी घेतली का आली, ते विचारू नका. दोन्हीकडच्या गुरुजींची सभा दुपारी होती. मी सकाळीच तिच्या गावात पोहोचले. सरपंचांकडे चहा घेता घेता उगाच विचारल्यासारखं विचारलं, की ती अमक्यांची मुलगी कुठं असते हल्ली? ते म्हणाले, “ते? त्या पार. तिथंच देल्ली बापानं. दोन लेकरं आहेत. आज बांधीतच असन, रोवना चालू आहे.”

ज्या गावच्या खिडकीत उभी राहायची, त्याच गावची ती सून झाली होती.

तलाव भरलेला होता. पाळीवरून वळसा घालून गेले. बांधावर मी दिसले तशा बायकांच्या जिभा सुटल्या.

“कोन वं हे? जनगणनावाली काय?”

“नसबंदीवाली असन. लपा वं साऱ्या.”

“तुले कायले लपा लागते, तुझं तं झालं!”

हशा पिकला. त्या हशात एक बाई मात्र सरळ उभी राहून माझ्याकडे बघत होती. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात पऱ्ह्यांची जुडी. ती बांधाजवळ आली.

मी म्हटलं, “ओळखलंस का?”

“वळखलं नं. तुमी रेडूवाल्या बाई नाई काय.” आणि हसली. मनापासून हसली हो. “भल्ल्या बारीक होत्या तुमी तवा. आता बऱ्या दिसता.”

मी काय बोलायला आले होते ते बसमध्ये दहा वेळा घोकून आले होते. तरी तोंडातून भलतंच निघालं. “तुझं शिक्षण राहिलं माझ्यामुळे.”

“तुमच्यामुळं कायले?” ती म्हणाली. “माझंच चुकलं होतं. दुसऱ्याच्या शाळेचा रेडू आयकला. बाबा म्हने, चोरी केली तं भोगा लागन. बरोबरच होतं नं त्याचं. मी माझ्या पोरीले सांगतो नं, बापा, दुसऱ्याच्या खिडकीत उभी नको राहू.”

हे ती शांतपणे बोलत होती. त्यात रुसवा नव्हता, टोमणा नव्हता. तिनं ते सगळं केव्हाच नीट घडी घालून ठेवून दिलं होतं. चूक झाली, शिक्षा झाली, हिशेब संपला. आणि मी शिकलेली बाई, मला राहवेना. मला माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवायचं होतं. ते कुणाच्या डोक्यावर जाणार, याचा विचार मी त्याही वयात केला नाही. पस्तिशी आली होती, तरी आतली ती इस्त्रीवाली पोरगी तशीच होती.

मी म्हटलं, “तू चोरी केली नव्हतीस गं. तुझा पेपर दोन्ही गावांत पहिला होता. सगळा बरोबर होता. तुझं काहीही चुकलं नव्हतं.”

ती ऐकत होती. हातातल्या जुडीतून पाणी टपकत होतं.

“पयला?”

“पहिला.”

“दोनी गावात?”

“दोन्ही गावांत.”

तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उमटलं. मी मूर्ख, मला वाटलं आनंद. मग ते विरलं आणि तिचा चेहरा असा झाला, की मी आजही तो सांगू शकत नाही. ती बांधावर बसली. चिखलाचे हात तसेच गुडघ्यांवर ठेवले.

“इतके दिवस मले वाटे, आपुन चुकलो,” ती म्हणाली. “चुकलो तं गेली शाळा. कधी कधी लय याद ये, तं मी मनाले म्हनो, चुपचाप राय, तूच केलं. आता तुमी म्हन्ता काईच चुकलं नवतं.” तिनं वर बघितलं. “मंग कायले गेली वो बाई माझी शाळा?”

मी बोलायला लागले. काय सांगत होते? अभ्यासाला दोन गट लागतात. एका गटाला रेडिओ द्यायचा असतो, दुसऱ्याला द्यायचा नसतो. दुसऱ्या गटातल्या मुलानं तो ऐकला तर तुलना करता येत नाही, म्हणून असे पेपर बाजूला काढायचा नियम असतो. मी हे सगळं सावकाश, मुद्द्यामागून मुद्दा सांगितलं, तलावाचंही सांगितलं. ती वर्गातल्या हुशार मुलीसारखी डोळे न हलवता ऐकत राहिली. मध्ये एकदाच तिनं विचारलं, “मंग त्या अभ्यासाचं काय झालं?”

“मला पदवी मिळाली,” मी म्हटलं.

“हाव,” ती म्हणाली.

त्या ‘हाव’मध्ये, आमच्याकडच्या ‘हो’मध्ये, राग असता तर बरं झालं असतं. मी वाट बघत होते रागाची. शिवी दिली असती, हातातली जुडी तोंडावर फेकली असती, तर मी ती झेलली असती. ती नुसती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, “येतो मी बाई. वखत होते.”

बायका मागं सरकत सरकत बरंच अंतर गेल्या होत्या. मधली तिची जागा तेवढी उघडी पडली होती, नुसतं गढूळ पाणी. ती भरभर तिथं जाऊन वाकली. मी बांधावर उभीच होते. तिच्या शेजारच्या बाईनं विचारलेलं मला ऐकू आलं.

“काय म्हने वं ते बाई?”

“काई नाई,” तिनं वर न बघता सांगितलं. “तिच्या कामाचं सांगून राहिली होती.”